पुतळा घडतो मातीत, बोलतो रंगात

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वाड्या-वस्त्यांतून पहिली चर्चा सुरू होते ती रंगाची. विहाराला कोणता रंग द्यायचा, कमान कशी सजवायची, आणि पुतळ्याला रंग कोण मारणार? मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवर तर हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. पावसाळ्याने पोपडे सुटलेले असतात, खांद्यावर शेवाळ धरलेले असते, चौथऱ्याला लोणा लागलेला असतो. मग १३ एप्रिलच्या संध्याकाळी निळ्या ऑइलपेंटचा डबा येतो, हाताशी असलेला एखादा मुलगा ब्रश घेतो आणि रात्रीतून पुतळा चकचकीत होतो.

भावना खरी, मेहनतही खरी. पण दहा-पंधरा वर्षे असे हातावर हात चढत गेले म्हणजे काय होते? चष्म्याची काडी बुजते, ओठांची रेघ भरून जाते, नाकाचे टोक बोथट होते. शिल्पकाराने दिवस-रात्र खपून जे घडवले, ते आपणच डब्याडब्याने पुसत जातो. मुंबईहून आलेला चाकरमानी चार वर्षांनी पुतळ्यासमोर उभा राहतो आणि मनात म्हणतो, चेहरा पूर्वी असा नव्हता!

दोष एकट्या त्या मुलाचा नाही. मातीकामात तरबेज असलेले कितीतरी शिल्पकारही रंगाशी आले की बिचकतात. साचा काढला, पुतळा उभा केला, वर एकरंगी ब्राँझ-पावडर किंवा ऑइलपेंट मारला की काम संपले, अशी समजूत आहे. आमचे म्हणणे असे की रंगकाम आणि अखेरची सफाई ही शिल्पकलेची निम्मी विद्या आहे. ती वेगळी शिकावी लागते, आणि शिकता येते. किनाऱ्यावर तर तिच्यावरच पुतळ्याचे आयुष्य अवलंबून असते.

रंगाचे आणि शिल्पाचे जुने नाते

खरे शिल्प म्हणजे कोरा दगड, रंग लावला की ते खेळणे झाले, असे पुष्कळांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. ग्रीस देशातील जे संगमरवरी पुतळे आज पांढरेशुभ्र दिसतात, ते मूळचे रंगवलेले होते. काळाच्या ओघात रंग उडाला आणि लोकांनी पांढरेपणालाच सौंदर्य मानले.

आपल्या अजिंठ्याचेच पाहा. भिंतीवर आधी माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरे अस्तर आणि मग रंग, अशी तिथली पद्धत. चित्रांबरोबर खांब आणि शिल्पेही रंगवलेली होती. त्यांच्यावर रंगाच्या खुणा आजही सापडतात. तांबडी काव, पिवडी, हिरवी माती, काजळी हे त्या कारागिरांचे रंग. निळा तेवढा दूर अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा.

त्याच अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरात ५५ मीटर आणि ३८ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती होत्या. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. पुढे जर्मन शास्त्रज्ञांनी ढिगाऱ्यातील तुकडे तपासले. २०११ साली त्यांनी जाहीर केले की या मूर्ती एकेकाळी निळ्या, गुलाबी, नारिंगी अशा झळझळीत रंगांच्या होत्या आणि त्यांच्यावर वेळोवेळी नवे रंग चढवले गेले होते. म्हणजे पुन्हा रंगवणे ही प्रथा आपण काढलेली नाही. शेकडो वर्षांपूर्वीही मूर्ती पुन्हा रंगवत, पण ते काम जाणकार हातांचे असे.

शाळा दारातच आहे

रंगाची ही विद्या शिकायला सिंधुदुर्गातल्या माणसाने फार लांब जायला नको. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळे, खेळणी, देव्हारे रंगवणारे हात पिढ्यान्पिढ्या आहेत. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा आंबा तिथे असा रंगवतात की पाहुण्याने उचलून वास घ्यावा! देठाजवळ हिरवा, पोटाला पिवळा, एका अंगाला तांबूस, आणि हे तिन्ही रंग एकमेकांत कुठे मिसळले ते शोधून सापडत नाही. तिथल्याच राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार बसतात. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे अस्तर, घोटून घोटून आणलेला गुळगुळीतपणा, त्यावर रंग आणि शेवटी लाखेचा थर, ही जुनी रीत. ज्याला पुतळा रंगवायचा आहे त्याचा पहिला धडा हाच: रंगापेक्षा अस्तर मोठे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ सालची पद्मश्री जाहीर झाली. बाहुलीचा चेहरा मूठभर, आणि पाहणारा दहा हात लांब. इतक्या अंतरावरून राग, दुःख, हसू दिसले पाहिजे. म्हणून भुवई जाड, डोळा मोठा, रेघ ठाम. पुतळा आणि पाहणारा यांच्यातले अंतर मोजून रंगवायचे, हा दुसरा धडा.

तिसरी शाळा म्हणजे कोकणात गावोगाव भरणारी गणपतीची शाळा. येथे आपल्या वाचकांपैकी काही जण थांबतील. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाने तिथे ब्रश धरावा का? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. आम्हाला असे वाटते की पूजा करणे वेगळे आणि हुन्नर शिकणे वेगळे. शेडिंग कसे करावे, डोळ्यांची आखणी कशी करावी, एका हंगामात शंभर चेहरे सारख्या हाताने कसे उतरवावेत, हे ज्ञान कोणा एका धर्माचे नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातीवर जे लिहिले त्यात हेच दाखवले की या व्यवस्थेने कामाबरोबर माणसांनाही कप्प्यांत कोंडले. छिन्नी एका आळीची, ब्रश दुसऱ्या आळीचा, आणि आपल्या वाट्याला दोन्हीही नाही, ही वाटणी मोडायची असेल तर जिथे विद्या आहे तिथून ती घेतली पाहिजे. अर्थात हा निर्णय ज्याचा त्याने घरात बोलून घ्यावा.

करमरकर आणि सुतार

विनायक पांडुरंग करमरकर हे नाव वाचकांनी ऐकले असेल. १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे गावी त्यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती होत. माती आणि रंग यांची ओळख त्यांना तिथेच झाली. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या जिल्हाधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि त्यांच्या मदतीने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा ही त्यांची कीर्ती. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांनी सिमेंटला कमी लेखले नाही. सासवण्याच्या संग्रहालयातली अनेक शिल्पे साध्या सिमेंटची आहेत, पण त्यांच्या पृष्ठभागाची सफाई अशी की सिमेंट आठवतही नाही. आपल्या वाड्यांतले बहुतेक पुतळे सिमेंटचेच असतात. तेव्हा पैसा नाही म्हणून पुतळा बेढब, ही सबब टिकत नाही.

दुसरे नाव राम सुतार यांचे. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावच्या सुतारकाम करणाऱ्या घरात १९२५ साली ते जन्मले, २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत गेले. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर मोठी कामे मिळण्याआधी त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि वेरूळच्या जुन्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. झिजलेल्या दगडाला जुन्याशी जुळेल असा भाग जोडायचा तर पृष्ठभाग बोटांनी वाचावा लागतो. नव्या शिल्पकाराने जुन्या, मोडक्या शिल्पावर हात बसवावा, याचे हे उत्तम उदाहरण.

चेहरा कसा रंगवावा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जो शिल्पकार नव्याने रंगकाम शिकतो त्याची पहिली चूक मातीतच होते. पुतळा एकरंगी राहणार असेल तर बुबुळाच्या जागी खळगा कोरतात. त्यात पडलेली सावली म्हणजेच बुबुळ. पण रंग देणार असाल तर डोळा गुळगुळीत ठेवावा. खळगाही कोरला आणि वर काळा रंगही भरला, तर डोळे दचकल्यासारखे दिसतात. म्हणून रंग द्यायचा की नाही हे माती मळतानाच ठरवावे.

दुसरी चूक सपाट रंगाची. कातडीचा एकच रंग डब्यातून काढून चेहराभर फासला की चेहरा मुखवटा होतो. आधी मध्यम रंगाचा हात द्यावा. तो वाळला की थोडा गडद रंग पाण्यासारखा पातळ करून डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांमधली फट, कानाची वळणे यांत सोडावा आणि वर आलेला भाग फडक्याच्या बोळ्याने लगेच पुसावा. खोलगट भागात सावली आपोआप बसते. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाला किंचित फिका रंग घेऊन कपाळ, नाकाचा कणा, गालाची हाडे, हनुवटी यांवर हलकेच फिरवावा. सावली मात्र बेताने. उघड्यावरच्या पुतळ्याला सूर्य वरून सावली देतच असतो. त्यात रंगाची सावली जास्त झाली तर चेहरा थकलेला, म्हातारा दिसतो.

तिसरी गोष्ट चकाकीची. ऑइलपेंटचा चकचकीतपणा दुकानात आवडतो, पण उन्हात नाक आणि कपाळ आरशासारखे चमकतात आणि बाकी चेहरा दिसेनासा होतो. कातडी आणि कोट यांना चमक नसलेला रंग द्यावा; चमक ठेवायची ती बुबुळात, चष्म्याच्या काडीवर आणि बुटांवर. एवढ्या एका फरकाने पुतळा जिवंत वाटतो.

डोळे सर्वांत शेवटी. श्रीलंकेत बुद्धमूर्तीचे डोळे रंगवण्याचा खास विधी आहे. चित्रकार मूर्तीकडे पाठ करून आरशात पाहून ती रेघ ओढतो. विधी बाजूला ठेवला तरी शेवटी डोळे काढण्यात व्यवहार आहे. बाकी रंग पूर्ण झाल्याशिवाय नजर किती गडद हवी ते कळत नाही. बुबुळ पूर्ण गोल दाखवू नये; वरची पापणी त्याचा थोडा भाग झाकते. डोळ्याचा पांढरा भाग शुभ्र नको, किंचित राखाडी हवा. दोन्ही डोळे एकदमच करावेत, एक आज आणि एक उद्या असे नाही. आणि पुतळा जितक्या उंचीवर बसणार तितक्या उंचीवर ठेवून, खाली उभे राहून पाहावे. बुद्धमूर्तीची अर्धी मिटलेली नजर खालून पाहणाऱ्याशी बोलली पाहिजे. बाबासाहेबांच्या चष्म्याच्या काडीची सावली बुबुळावर पडता कामा नये.

सरावासाठी एक युक्ती. एकाच साच्यातून प्लास्टरचे पाच चेहरे काढावेत आणि पाच तऱ्हांनी रंगवावेत. मग ते उन्हात ओळीने मांडून वीस पावलांवरून पाहावेत. जे पुस्तकाने उमगत नाही ते या पाच चेहऱ्यांनी उमगते.

सिमेंट, खारे वारे आणि निळा रंग

ताजे सिमेंट क्षारयुक्त असते. त्यावर घाईने ऑइलपेंट दिला तर क्षार तेलाला खातो, रंग चिकट होतो आणि पोपडे सुटतात. निदान २८ दिवस सिमेंट पाण्याने मुरवून, नंतर चांगले वाळू द्यावे. ओल आहे की नाही हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आत दव दिसले तर थांबावे. मग क्षार सोसणारे अस्तर, आणि वर बाहेरच्या भिंतीसाठी मिळणारा ॲक्रिलिक इमल्शन पातळ करून दोन हात. तो ऑइलपेंटपेक्षा ओल बाहेर जाऊ देतो.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बारा महिने खारी हवा. रंगाआधी पुतळा गोड्या पाण्याने धुऊन मिठाचा थर काढलाच पाहिजे. पुतळ्यावर तपकिरी ओघळ दिसला तर वरून रंग मारून झाकू नये. आतली सळई गंजत आहे, गंज फुगून सिमेंट फोडणार आहे, अशी ती सूचना आहे. भेग उकरून, गंज काढून, भरून घ्यावी आणि मगच रंग द्यावा. हे काम पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, सकाळचे दव उडाल्यावर करावे. १३ एप्रिलच्या रात्री फक्त फुले वाहावीत!

निळ्या रंगाविषयी दोन शब्द. प्रशियन ब्ल्यू नावाचा रंग सिमेंट-चुन्याच्या क्षाराने विटतो आणि तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन टिकतो. आपल्या आया कपडे धुताना जी पुडीतली नीळ वापरत ती हीच. अजिंठ्याच्या कलाकारांनी लाजवर्द दगड कुटून काढलेला निळा आणि कारखान्यातली ही नीळ, दोघींचे रंगद्रव्य मुळात एकच. बाबासाहेबांच्या कोटाला तो द्यावा, अजिंठ्याशी नाते आपोआप जुळते.

धातूचा धडा

वरची चकाकी पाहून आतली मजबुती गृहीत धरली की काय होते, हे मालवणने पाहिले आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, तो कोसळला. चौकशीतून गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आल्याच्या बातम्या आल्या. २०२५ मध्ये त्याच जागी राम सुतार यांच्या कार्यशाळेने घडवलेला ६० फुटी ब्राँझ पुतळा उभा राहिला.

यातून लहान मंडळांनीही शिकण्यासारखे आहे. ब्राँझला लोखंड टेकले आणि त्यात खारे पाणी शिरले की लोखंड झपाट्याने झिजते. म्हणून नट-बोल्ट, सांधे, आतला सांगाडा यांची विचारपूस रंगाआधी करावी. ब्राँझच्या पुतळ्याला ऑइलपेंट तर कधीच लावू नये. त्याचा रंग धातू तापवून रसायनांनी आणतात आणि वर मेण घोटतात. हे मेण दरवर्षी धुऊन-पुसून नव्याने चढवावे. फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर ती मिठाने लागलेली कीड समजावी आणि जाणकाराला बोलवावे. फायबरच्या पुतळ्याचे वेगळे: साच्यातून निघताना त्यावर मेण राहिलेले असते, ते साबणाने धुऊन, वॉटर पेपरने घासल्याशिवाय रंग धरत नाही.

घरच्यांची काळजी

जुना रंग खरवडताना एक धोका असतो. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे भरपूर असे. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही आणि हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण पुतळ्यावरचे खालचे थर त्याआधीचे असू शकतात. म्हणून कोरडे घासू नये, पाणी मारून घासावे. नाका-तोंडाला मास्क लावावा, भुकटी गोळा करून दूर टाकावी, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले आणि गरोदर भगिनी यांना त्या दिवसांत जवळ येऊ देऊ नये.

मंडळांना विनंती

बंधू-भगिनींनो, आपल्या गाव शाखेच्या आणि मुंबई शाखेच्या वर्गणीच्या वहीत मंडप, लाऊडस्पीकर, भोजन यांची सदरे असतात. त्यात एक सदर पुतळ्याच्या देखभालीचे असावे. कोणत्या साली कोणता रंग, किती हात, कोणी दिला, याची नोंद त्याच वहीत ठेवावी. पुढच्या रंगाऱ्याला ती नोंद डॉक्टरच्या केसपेपरसारखी उपयोगी पडेल. नवा हात देण्याआधी जुने थर उतरवावेत, आणि चेहरा शिकाऊ हातात देऊ नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पंचक्रोशीतून एका होतकरू मुलाला किंवा मुलीला हे काम शिकायला पाठवावे. मुलगी म्हटले की भुवया उंचावतात, पण बारीक ब्रशाला स्थिर हात लागतो आणि तो कोणाचाही असू शकतो. चिपळूणजवळ सावर्ड्याला कलाविद्यालय आहे, मुंबईत जे. जे. आहे, आणि ज्याला तेवढे परवडत नाही त्याला चितार आळीत बसून पाहायला कोणी पैसे मागत नाही. त्या मुलाला शिकायला जायचे गाडीभाडे आणि ब्रशांचा खर्च मंडळाने उचलला, तर चार-पाच वर्षांत आपल्या किनाऱ्यावरचे पुतळे आपलीच मुले रंगवतील, आणि त्या हाताला बारमाही रोजगारही मिळेल.

बाबासाहेबांना पाहिलेले डोळे आता फार थोडे उरले आहेत. उद्याच्या लेकरांना त्यांचा चेहरा या पुतळ्यांतूनच भेटणार आहे. तो चेहरा नीट राखणे हे आपल्याच हातचे काम आहे.